चांदी राखावी ऐसा कौल जाहला, त्याची हकीकत

जो उजेड सर्वांवर सारखा पडतो आणि कोणाच्या जामदारखान्यात कोंडता येत नाही, त्या सूर्यनारायणास नमस्कार करून लिहिले ऐसे की, सूर्यफलकाच्या काचेखाली चांदीची एक रेघ असते. ती माणसाच्या केसाच्या निम्म्याने बारीक, लांबीस वीतभरही नाही, आणि रंगाने चमकदार नसून राखी. पाहणाऱ्यास ही चांदी आहे असे सांगावे लागते. ऊन पडले म्हणजे फलकात वीज उत्पन्न होते, ती गोळा करून तारेपर्यंत पोचवावी, इतकेच तिचे काम. ऐशा पुष्कळ रेघा मिळून एका फलकात जी चांदी जाते ती लहान मुलाच्या वाळ्यांच्या जोडीइतकीही भरत नाही. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरी, एका राज्यात या रेघेची वार्ता दरबारास कळली, आणि मग पुढे तीन वर्षे तेथे जे वर्तमान घडले ते जैसे घडले तैसे येथे लिहिले आहे. राज्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही.

राज्य ऐसे की, घाटाच्या पायथ्यास राजधानी आणि घाटमाथ्यावर मोठे पठार. पठारावर विजेच्या तारा न्याव्या तर दर पावसाळ्यात दरड कोसळे आणि खांब दरीत जात, म्हणोन थोरले महाराज असता त्यांनी मसलत केली की, पठारावर जागच्या जागी सूर्यापासून वीज करावी, आणि त्याकरिता पायथ्यास सूर्यफलकांचा कारखाना घातला. कारखान्यावर सगुणाबाई कारखानीस यांची नेमणूक केली. कारखानिशी त्यांच्या घराण्यात आजोबांपासून चालत आलेली, राहते घर त्या नेमणुकीसोबत मिळालेले, आणि बाई स्वतः शास्त्र शिकलेल्या. बोलणे थोडे, मोजणे फार, आणि हुकमाबाहेर पाऊल टाकणे नाही. जामदारखान्यातून चांदी यावी, कारखान्यात तिचा लेप होऊन त्याच्या रेघा उमटाव्या, भट्टीत त्या पक्क्या व्हाव्या, आणि फलक घाट चढून पठारावर जावे, ऐसा शिरस्ता बहुत वर्षे चालला आणि कोणास त्यात काही विशेष वाटले नाही. मग थोरले महाराज कैलासवासी जाहले आणि धाकटे महाराज गादीवर बसले. ते स्वभावे गोड. कोणास नाही म्हणत नसत, आणि होही म्हणत नसत. कोणतेही काम पुढे आले म्हणजे "पाहू" ऐसे बोलत, आणि मग ते काम पाहिले जात असे, केले जात नसे. दरबारी मंडळी यास धोरण म्हणत.

त्याच सालात पठारावर मोठी गारपीट होऊन तेथील दवाखान्याचे फलक फुटले. दवाखान्यावर मार्थाबाई उजागरे म्हणोन परिचारिका होत्या. पठारावर गवत फार आणि गवतात साप फार. सर्पदंशावरचे जे औषध तेथे येई ते थंड पेटीत ठेवावे लागे. पेटीस वीज लागे, आणि विजेस फलक. मार्थाबाईंनी खाली निरोप पाठविला की, दवाखान्यापुरते फलक आधी द्यावे, तोवर औषध पठारावर ठेवता येत नाही. सगुणाबाईंनी ते काम सर्वांच्या आधी धरले आणि जामदारखान्यात चांदी मागितली. हे प्रकरण तेथपासून सुरू होते.

जामदारखान्यावर केरोपंत होते. गृहस्थ वाचनाचे मोठे शौकी; परमुलखातील व्यापाऱ्यांची पत्रके मागवीत आणि जेवणाआधी वाचीत. सगुणाबाईंची मागणी आली त्याच सुमारास त्यांनी भर दरबारात निवेदन केले की, जगात चांदीची गरज वाढत चालली आहे. सूर्यफलकांस चांदी लागते, विजेवरच्या गाड्यांस लागते, फोनात लागते, आणि माणसाऐवजी विचार करणाऱ्या यंत्रांची जी कोठारे जागोजाग उभी राहत आहेत त्यांसही लागते. उलट खाणींतून चांदी मागितली म्हणून निघत नाही, कारण बहुतेक चांदी जस्त, शिसे आणि तांबे यांच्या खाणींत त्यांच्या सोबतीने सापडते, आणि जस्त जितके खणावे तितकीच ती वर येते. हे सर्व खरे होते. केरोपंतांचा गुण ऐसा की, ते खऱ्या गोष्टी एकाखाली एक नीट मांडीत आणि शेवटी बेरीज चुकवीत.

ते म्हणाले, "महाराज, कारखान्यांस जी वस्तू लागणार ती आधी आपल्या घरात असली पाहिजे. मग कारखाना आपल्या दारी येईल, आणि आपण म्हणू तो भाव देईल."

सगुणाबाई म्हणाल्या, "कारखाना महाराजांचाच आहे. दारातच उभा आहे."

यावर दरबारात हशा जाहला, आणि तो सगुणाबाईंवर होता. केरोपंत ममतेने म्हणाले, "बाई, तुम्ही शास्त्र पाहा. हे अर्थकारण आहे." मग ठराव जाहला की, कारखान्यासाठी ठेवलेली चांदी जामदारखान्यातच राहावी, भाव उतरेल तेव्हा ती कारखान्यास द्यावी, आणि भाव चढत असेल तोवर देऊ नये. भाव तर चढत होता, आणि तो चढावा हीच सर्वांची इच्छा. येणेप्रमाणे, कारखान्यास चांदी लागते म्हणोन ती महाग होणार, आणि महाग होणार म्हणोन ती कारखान्यास द्यायची नाही, ऐसा निर्णय होऊन पेढे वाटण्यात आले. महाराजांस सगुणाबाईंनी एकांतात विचारिले की, निदान दवाखान्यापुरती द्यावी. महाराज म्हणाले, "पाहू."

मग राज्यात चांदीचे वेड शिरले. सरदारांनी घेतली, कारकुनांनी घेतली, शिक्षकांनी घेतली, आणि ज्यांस जस्त व शिसे यांतला फरक दाखविता येत नव्हता ते ओसरीवर बसून जस्ताच्या खाणींविषयी मत देऊ लागले. कीर्तन चालले असता मंडळी उपरण्याआड फोन धरून भाव पाहत आणि तो चढला की समाधानाने माना डोलावीत. बुवांस वाटे की निरूपण पोचले. परंतु राज्यात जुना कायदा होता की, चांदीच्या लगडीवर सालाबाद कर घ्यावा, देवपूजेच्या भांड्यांस मात्र माफी असावी. तेव्हा लगडी वितळून भांडी होऊ लागली. पळ्या जाहल्या, ताम्हने जाहली, निरांजने जाहली, घंटा जाहल्या. देव घरात होते तेवढेच राहिले. एका सरदाराने ऐसे ताम्हन घडविले की ते देवघराच्या दारातून आत जाईना आणि चौकट काढावी लागली. महाराजांच्या आत्यासाहेब, ज्यांस दरबारात चिकाच्या पडद्याआड आसन होते आणि ज्यांच्या जिभेस पडदा नव्हता, त्या मुद्दाम ते ताम्हन पाहावयास गेल्या आणि म्हणाल्या, "यात देवाला न्हाऊ घालणार का म्हशीला?" सरदार ओशाळले. आत्यासाहेबांनी स्वतः बाळकृष्णासाठी पाळणा करविला होता, त्यात आत्यासाहेब पाय लांब करून निजल्या असत्या. परंतु तो पाहावयास कोणास बोलाविले नव्हते.

कर वसूल करणारे कामदार अगदीच बावळट नव्हते. त्यांनी विचारिले की, ही भांडी पूजेची कशावरून. तेव्हा गडावरील देवीचे पुजारी धुंडिराजशास्त्री यांनी तोड काढिली की, प्रत्येक भांडे देवीपुढे आणून त्यावर अभिषेक करावा आणि घरधन्याने देवीची शपथ घ्यावी की, ही चांदी आता देवीची. कौल घेतल्याविना विकणार नाही, वितळविणार नाही. कामदारांनी ते मान्य केले. मग गडाच्या पायऱ्यांवर रांग लागली, सर्वांनी आनंदाने शपथ घेतली, दक्षिणा दिली आणि कर वाचविला. केरोपंतांनी तर कारखान्याच्या वाटणीच्या चांदीचेही लामणदिवे करवून देवळात टांगले, कारण सरकारी चांदीसही कर लागू होता आणि तो चुकविण्यात त्यांस कर्तव्याचा आनंद मिळे. जी वस्तू पुढे विकावी म्हणोन घेतली ती आपणच आपल्या हाताने विकता न येण्याजोगी करून ठेविली, हे त्या शहाण्यांपैकी एकाच्याही ध्यानात आले नाही. भाव आधी दीडपट जाहला, मग दुप्पट जाहला, मंडळीस विकावेसे वाटू लागले, आणि तेव्हा शपथ आठवली. कर चुकविताना ही मंडळी भ्याली नव्हती. शपथ मोडायला भ्याली. या राज्यात पापाची मोजदाद ऐसी होती.

कौलाची रीत ऐसी की, देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवाव्या आणि वाट पाहावी. उजवी कळी आधी पडली तर विकावे, डावी आधी पडली तर राखावे. प्रत्येक पौर्णिमेस सर्व मंडळी गडावर जात, शास्त्रीबुवा गाऱ्हाणे घालीत, आणि प्रत्येक पौर्णिमेस डावी कळी आधी पडे. आता ओली कळी दगडास धरून राहते ती पाण्याच्या पातळ थरामुळे. थर सुकला की कळी सुटते. देवीच्या डाव्या हातास पुरुषभर उंचीची समई अखंड तेवत असे, त्या बाजूचा दगड हातास कोमट लागे, आणि तेथील पाणी आधी सुके. यात देवीकडे काही दोष नाही. समई कोठे ठेवावी हे तिला कोणी विचारिले नव्हते. मंडळी मात्र गड उतरताना म्हणत की, देवीस बाजाराची नाडी कळते. पाहा, मागल्या पौर्णिमेस विकली असती तर आज हळहळलो असतो. केरोपंत म्हणाले की, देवीची दृष्टी दीर्घ मुदतीची आहे. हे वाक्य त्या सालात फार नावाजले गेले.

इकडे कारखान्याची भट्टी थंड होती. रेघा उमटविणाऱ्या बायका पापडांच्या कामास गेल्या. सगुणाबाई रोज कारखाना उघडीत आणि एकट्या काम करीत, आणि त्यांनी ठरविले की, चांदी मिळत नाही तर तांब्याने रेघ ओढून पाहावी. तांबे वीज वाहून नेण्यात चांदीच्या अगदी जवळ. परंतु त्याच्या दोन खोड्या. भट्टीत हवा लागली की ते काळे पडते, आणि फलकाच्या आत झिरपले की फलकाचाच नाश करते. बाईंनी भट्टीतली हवा काढून तेथे नत्रवायू भरला, आणि तांब्याखाली निकेलचा पातळ थर दिला. पुष्कळ फलक बिघडले. मग बिघडेनासे जाहले. त्यांनी एक जुना चांदीचा आणि एक नवा तांब्याचा ऐसे दोन फलक गच्चीवर शेजारी ठेवून ऊन, पाऊस आणि पुन्हा ऊन दाखविले, आणि दरबारात निवेदन केले की, चांदीचा फलक शंभर भाग वीज देतो तेथे तांब्याचा नव्याण्णव देतो. कारखाना पुन्हा चालवावयास परवानगी असावी. याहून एक शब्द अधिक त्या बोलल्या नाहीत, आणि हे नव्याण्णव म्हणजे काय ते दरबारास कळले नाही.

केरोपंतांस मात्र कळले. त्या दिवशी त्यांचे जेवण राहिले. तांब्याने काम भागते ही गोष्ट घाटाखाली फुटली तर चांदी कोण घेणार, आणि ज्या गरजेच्या भरवशावर सर्वांनी ताम्हने घडविली ती गरज कोठे राहणार? त्यांनी महाराजांपुढे हुकूम ठेविला की, तांब्याच्या फलकांची चौकशी होईपर्यंत कारखान्यात तांबे चढवू नये. जो भट्टीत तांबे घालील त्याची नेमणूक जप्त, आणि नेमणुकीचे घर जप्त. चौकशीस जी मंडळी नेमिली त्यांत एकही ऐसा नव्हता की ज्याच्या घरच्या भांड्यांवर अभिषेक जाहला नव्हता. महाराजांनी हुकमावर शिक्का उठू दिला, कारण शिक्का दुसरे कोणी उठवीत होते. मग सगुणाबाईंनी विचारिले की, चौकशी केव्हा संपेल. महाराज म्हणाले, "पाहू." बाईंनी हुकूम वाचिला, त्याची घडी केली आणि तो मान्य केला. हेही येथे लिहिले पाहिजे, कारण ज्यास काही कळत नाही त्याने गप्प बसणे आणि ज्यास सर्व कळते त्याने गप्प बसणे, यांत दुसऱ्याचे ओझे अधिक भरते.

पुढल्या सालात, गवत कापणीच्या दिवसांत, पठारावर हौसाबाई म्हणोन एक बाई होती, तिच्या हातास घोणस चावली. दवाखान्यात थंड पेटी होती आणि पेटीत चिंध्या होत्या. तिच्या दिराने आणि गावकऱ्यांनी तिला घोंगडीच्या झोळीत घालून घाट उतरावयास घेतला, मार्थाबाई सोबत चालत होत्या, आणि घाट अर्धा उतरून जाहला नाही तोच हौसाबाई गेली. हे वर्तमान दरबारात आले तेव्हा सर्वांस वाईट वाटले. तिच्या घरी सरकारातून चांदीचा करंडा पाठवावा ऐसे ठरले. मग कोणी त्या दिवशीचा भाव सांगितला, आणि पितळेचा पाठविण्यात आला.

करंडा पोचल्यावर मार्थाबाई खाली कारखान्यात आल्या. बसा म्हटले तरी बसल्या नाहीत. भट्टीवर हात ठेवून त्यांनी विचारिले, "बाई, तांब्याचे होतात म्हणता ना?"

"होतात."

"तांबं आहे?"

"आहे."

"मग अडलंय कुठं?"

"हुकूम नाही," सगुणाबाई म्हणाल्या.

मार्थाबाईंनी भट्टीवरचा हात काढिला, तळव्यास लागलेली धूळ पाहिली, "बरं" म्हणाल्या आणि घाट चढू लागल्या. सगुणाबाईंनी भट्टी पुसून ठेविली, नत्रवायूच्या नळकांड्या भरून आणविल्या, निकेल तोलून ठेविले, पापडांस गेलेल्या बायकांस एकेकीस भेटून बोलावणे आले तर याल का ऐसे विचारिले, आणि हुकमाची वाट पाहत बसल्या. सर्व सिद्ध करावे आणि काडी ओढू नये, ऐसा त्यांचा क्रम पुढे बहुत दिवस चालला.

परमुलखातील कारखानदार आमच्या केरोपंतांस विचारून वागत नाहीत. चांदी महाग जाहली तसे त्यांनी आपली रेघ बारीक केली, मग आणखी बारीक केली, मग तांब्यावर चांदीचा नुसता मुलामा दिला, आणि मग कित्येकांनी निव्वळ तांबेच घेतले. महाग वस्तूवाचून चालवून घ्यावयास माणूस शिकतो, ही गोष्ट केरोपंतांच्या पत्रकांत छापलेली होती. शेवटच्या पानावर होती, आणि तोवर जेवणाची वेळ होत असे. भाव उतरू लागला. आधी मंडळी म्हणाली की हा विसावा आहे. मग म्हणाली की ही संधी आहे, आणि काहींनी आणखी घेतली. मग कोणी काही म्हणेना, आणि कीर्तनात माना डोलणे बंद जाहले.

त्या पौर्णिमेच्या आधी आत्यासाहेब एकट्या गडावर गेल्या. शास्त्रीबुवांशी त्यांचे काय बोलणे जाहले ते कोणी ऐकिले नाही. परंतु त्याच दिवशी शास्त्रीबुवांनी समई घासावयास काढिली, आणि परत ठेवताना ती देवीच्या उजव्या हातास ठेविली. पौर्णिमेस सर्व राज्य गडावर लोटले. कळ्या लाविल्या. उजवी आधी पडली. विकावे! मंडळी पायऱ्या उतरली नाही, गडगडली. दुसऱ्या दिवशी सराफकट्ट्यावर ऐशी गर्दी की पाय ठेवावयास जागा नाही. हातगाड्यांवर ताम्हने, डोक्यावर घंटा, एकमेकांच्या निरांजनांत अडकलेल्या पळ्या, आणि तो पाळणा आठ भोयांच्या खांद्यावर. सर्वांस एकाच दिवशी विकावयाचे, तेव्हा घेणारा कोण? सराफांनी आधी निम्मा भाव सांगितला, मग त्याचाही निम्मा, आणि मग दुकानांच्या फळ्या लावून घेतल्या. ज्या ताम्हनासाठी देवघराची चौकट काढिली होती ते सरदारांनी परत नेले, आणि ते आता वाड्याच्या दारातूनही आत जाईना, कारण वाटेत चेपले होते.

तेव्हा केरोपंतांनी शेवटची मसलत काढिली, आणि तिच्यासाठी खास दरबार भरला. मसलत ऐसी की, राज्याचा कारखाना आहे, कारखान्यास चांदी लागते हे जगजाहीर आहे. तर कारखान्याने दरबारी मंडळींची सगळी चांदी गतसालच्या चढ्या भावाने घ्यावी, पठारावरील फलकांसाठी जी रक्कम राखून ठेविली आहे ती त्यात खर्चावी, आणि तांब्याची मनाई कायम करावी, म्हणजे चांदीचा मान राहील. दरबारास ही मसलत एकदम पटली. बहुत महिन्यांनी चेहरे उजळले. एका सरदाराने तर म्हटले की, दवाखान्याचे दुःख आपणांस पहिल्यापासूनच होते.

सगुणाबाई आपल्या जागी उभ्या होत्या. त्यांनी विचारिले की, सारी रक्कम चांदीत गेली तर काच कशाने घ्यावी आणि मजुरी कोठून द्यावी. केरोपंत म्हणाले की तो तपशील आहे.

चिकाआडून आत्यासाहेब म्हणाल्या, "जामदार, कारखाना आपल्या दारी येईल म्हणाला होतात. आता तुम्हीच त्याच्या दारी चाललात, डोक्यावर ताम्हन घेऊन." मग म्हणाल्या, "पण पाळणा आधी मोजा."

तेसमयी दरबाराच्या शेवटी, जेथे पठारावरची माणसे अर्ज घेऊन उभी राहत, तेथून मार्थाबाई पुढे आल्या. भालदाराने काठी आडवी धरिली. त्यांनी ती हाताने खाली केली, जैसी रोग्याची हनुवटी खाली करावी. त्या म्हणाल्या, "महाराज, गवत कापणीला आलंय. आमच्याकडचा साप भाव बघून चावत नाही. औषध ठेवायला मला फलक पाहिजेत, चांदीचे द्या नाहीतर मातीचे द्या. या पावसाळ्यानंतर मी झोळीबरोबर घाट उतरणार नाही. मला मेलेलं माणूस मध्येच खाली ठेवून विसावा घ्यायची सवय लागायला लागली आहे."

महाराजांच्या डोळ्यांत पाणी आले, आणि ते खरे होते. मनाने ते वाईट नव्हतेच, आणि तीन वर्षांत जे जे घडले त्यात त्यांनी वाईट ऐसे काहीच केले नव्हते, कारण काहीच केले नव्हते. त्यांनी केरोपंतांकडे पाहिले. केरोपंतांनी मसलतीचा कागद आणि लेखणी पुढे केली. त्यांनी चिकाकडे पाहिले. मग मार्थाबाईंकडे पाहिले, आणि तेथे फार वेळ पाहवेना. सर्व सभा महाराजांच्या ओठांकडे लक्ष लावून बसली की, आज तरी हो किंवा नाही काही येते. महाराजांनी डोळे पुसले, घसा साफ केला आणि अत्यंत कळवळून म्हणाले, "पाहू."

त्या राज्याची हकीकत थोडक्यात सांगावी तर इतकीच की, तेथे ऊन होते, चांदी होती, तांबे होते, कारखाना होता आणि विद्या होती. तीन वर्षांत एक फलक घाट चढला नाही, आणि प्रत्येक शहाण्याचे घर भांड्यांनी भरले. यापुढील वर्तमान ज्याने त्याने आपल्या अनुभवावरून जाणावे, आणि येथे फक्त त्या दरबारातले शेवटचे बोलणे लिहून पुरे करावे. सगुणाबाई कारखानीस, ज्यांस हुकमावाचून पाऊल टाकलेले कोणी पाहिले नव्हते, त्या आपल्या जागेवरून निघून मार्थाबाईंच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. केरोपंतांनी त्यांस मसलतीच्या कागदावर कारखान्याची संमती लिहावयास सांगितले. बाईंनी लेखणी घेतली नाही. कंबरेची कारखान्याची किल्ली चाचपली, मुजरा करावयाचा राहिला, आणि रोजच्या बोलण्याइतक्याच हळू आवाजात, परंतु शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल ऐसे म्हणाल्या,

"चांदी मी घेत नाही. घर संध्याकाळपर्यंत रिकामं करून देते. भट्टी आत्ता जाऊन पेटवते, तांब्यावर."